लिलावात माणसं वीस, बोली दोघांचीच, बाकी आपसात ठरवल्यासारखे गप्प. याला रिंग म्हणायची का?

चाळीतला_कांदा

नमस्कार. मी चांदवड तालुक्यातला. वय ३१, साडेचार एकर, त्यातला अडीच एकर उन्हाळ कांदा. इथं बाजार समितीचं कामकाज जवळून पाहिलेले लोक आहेत असं दिसतं, म्हणून विचारतो.

गेल्या बुधवारी ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो. समितीचं नाव लिहीत नाही, पुढच्या आठवड्यात परत तिथंच जायचंय. मे महिन्यातल्या पावसात बराच माल भिजला होता. तो बाजूला काढून चांगला निवडून नेला होता. ट्रॉलीत २६ क्विंटल. पहाटे पाचला रांगेत लागलो, नंबर आला सव्वाअकराला.

लिलाव झाला तो असा. पुढं समितीचा लिलाव पुकारणारा, त्याच्या बाजूला वहीवाला, मागं वीस-बावीस व्यापाऱ्यांचा घोळका. एकानं ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा काढला, अंगठ्यानं मान दाबून पाहिली, वरची पत्ती सोलली आणि परत टाकला. हजारापासून पुकारा सुरू झाला. बोलत होते दोघंच. बाकीच्यांची डोकी मोबाइलमध्ये. बाराशेला एक थांबला, दुसरा 'चाळीस' म्हणाला आणि झालं. १,२४० रुपये. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. पावती माझ्या हातात आणि घोळका पुढच्या ट्रॉलीला.

पुढची ट्रॉली माझ्या चुलत्यांची. त्यांचा माल माझ्यापेक्षा सरळसरळ हलका, जोड कांदा जास्त, हे ते स्वतः कबूल करतात. त्यांना १,२३५. त्यांच्या पुढच्याला १,२४०. माझ्या मागच्याला १,२३०. म्हणजे मी दोन दिवस घरातल्या बायामाणसांना उन्हात बसवून निवडानिवड केली, तिची किंमत क्विंटलला पाच रुपये.

पुढची गंमत खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल ओतायच्या आवारात. अर्धी ट्रॉली खाली झाल्यावर मुकादम म्हणाला, खाली ओला निघतोय, साठ रुपये कमी करा नाहीतर भरून घेऊन जा. अर्धी ट्रॉली खाली, अर्धी वर, हमाल हात बांधून उभे. चाळीसवर तोडलं. हातात १,२०० चा भाव. २६ क्विंटलवर हजार-चाळीस रुपये गेले ते नुसते बोलण्यात.

मला विचारायचंय ते हे. याला रिंग म्हणायची का? म्हणायची असेल तर ती सिद्ध कशी होते, आणि कोणत्या कायद्यात बसते? २०२५ च्या १ एप्रिलपासून निर्यातशुल्क शून्य झालंय, मग घोळक्यात नवीन माणूस का येत नाही? चुलते म्हणतात, आजोबांच्या वेळेपासून हे असंच चालतंय, तू शिकलास म्हणून तुला आत्ता दिसतंय. असेलही.

वाशीकर

मालक, एवढं डोकं कशाला लावताय? गोण्या भरून थेट वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला पाठवा. २०१६ पासून अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून घेतच नाहीत, खरेदीदार देतो.

निवृत्त_वहीवाला

वाशीकर, २६ क्विंटलच्या गोण्या, भराई, सुतळी आणि चांदवड ते वाशी भाडं याचा हिशोब एकदा मांडून पाहा, मग सल्ला द्या. शिवाय माल वाशीला पोहोचल्यावर भाव पडलेला निघाला तर परत आणायची सोय नाही.

आता मूळ प्रश्न. भाऊ, तुम्ही ज्याला वहीवाला म्हणालात ना, तो मी. तुमच्या समितीतला नाही, जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका समितीतला. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली अठरा वर्षं घोळक्यासोबत वही घेऊन चाललो. २०१९ ला सुटलो. गुडघे गेले ते त्या चालण्यानंच.

लोकांना वाटतं की रात्री कुठंतरी बैठक होते आणि उद्याचा भाव ठरतो. अठरा वर्षांत मी अशी बैठक पाहिली नाही. तिची गरजच पडत नाही. तुम्ही घोळक्यात माणसं मोजलीत वीस-बावीस. माणसं मोजू नका, त्यांच्या खिशातल्या ऑर्डरी मोजा. सकाळी आठ-साडेआठला फोन सुरू होतात. एक निर्यातदार तीन-चार जणांना सांगतो, आज एवढा माल काढा, एवढ्याच्या वर जाऊ नका. हे तिघं-चौघं वेगवेगळ्या परवान्याचे, वेगवेगळ्या फर्मचे. वहीत मी चार नावं लिहायचो, पण माल जायचा एकाच ठिकाणी, यांना क्विंटलमागं चार पैसे सुटायचे. आता हे चौघं एकमेकांवर बोली चढवतील का? चढवली तर शेवटी भरणारा एकच, तो दुसऱ्या दिवशी फोन करायचा नाही. म्हणून एक बोलतो आणि बाकीचे मोबाइल बघतात. तुम्हाला ते संगनमत दिसतं. त्यांच्या लेखी ती नोकरी आहे.

नवीन माणूस का येत नाही, त्याचं उत्तर खळ्यात आहे. परवाना हा कागद आहे, अनामत आणि बँक गॅरंटी भरली की मिळतो. पण सकाळी घेतलेला कांदा त्याच दिवशी कुठंतरी ओतावा लागतो. तिथं निवडायला बाया लागतात, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, जोड वेगळा, खाद म्हणजे खराब माल वेगळा. मग भराई, मग गाडी. खळं नाही तर तुम्ही व्यापारी नाही. बाजाराजवळची खळी कधीच भरून गेलीत, भाड्यानं मिळायची म्हटली तरी ती कुणाची हे पाहावं लागतं. त्यावर पैसा. शेतकऱ्याला चोवीस तासांत द्यायचा, तो नियमच आहे आणि बरोबर आहे. पण दिल्ली-कोलकात्याचा पैसा यायला दहा-पंधरा दिवस. रोज नुसते ५०० क्विंटल घेणारा धरा, बाराशेच्या भावानं दिवसाला सहा लाख. पंधरा दिवस फिरवायचे तर नव्वद लाख. तुमच्या गावात कोणाकडं आहेत सांगा.

नोटबंदीनंतर चेकचं पेव फुटलं होतं आणि न वटलेले चेक घेऊन लोक समितीच्या पायरीवर बसले होते, ते मी पाहिलंय. त्यानंतर शेतकरीसुद्धा नव्या नावाला घाबरायला लागला. दहा रुपये कमी चालतील पण ओळखीच्याकडं माल जाऊ दे, असं म्हणतो. म्हणजे रिंग पक्की करण्यात थोडा हात आपलाही असतो.

कायद्याचं म्हणाल तर बाजार समितीचा कायदा याच दुखण्यावर केलेला. आपल्या राज्यात १९६३ चा. मुळं त्याहून जुनी, वऱ्हाडात कारंजाला १८८६ ला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो इंग्रजांना कापूस नीट मिळावा म्हणून. आमच्या वडिलांच्या पिढीनं रुमालाखालचे सौदे पाहिलेत. दोन अडते रुमाल टाकून त्याखाली एकमेकांची बोटं दाबायचे, आणि ज्याचा माल तो बाजूला उभा राहून रुमालाकडं बघायचा. कायद्यानं तो रुमाल उचलला. मापातला काटा मारणंही बरंच थांबवलं. याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण सगळा माल एका कुंपणात आणायचा, हे करताना खरेदीदार किती असले पाहिजेत यावर कुणी बोट ठेवलं नाही. विकणारे हजार, घेणारे मोजके.

समितीत संचालक अठरा. सोसायट्यांचे अकरा, ग्रामपंचायतींचे चार, व्यापाऱ्यांचे दोन, हमाल-मापाऱ्यांचा एक. कागदावर शेतकऱ्याचं राज्य. पण समितीचं उत्पन्न येतं ते खरेदीवरच्या शंभराला रुपयाच्या बाजार फीमधून. व्यापारी बसले की उत्पन्न बसलं, आणि कर्मचाऱ्यांचा पगारसुद्धा. सचिव कितीही भला असो, त्याला हे रोज दिसतं. २०२३ च्या २० सप्टेंबरला जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी ४० टक्के निर्यातशुल्काविरुद्ध लिलाव बंद केले, ते तेरा-चौदा दिवस. परवाने रद्द करण्याची भाषा झाली. मग चर्चा झाली आणि लिलाव सुरू झाले. २०२४ च्या एप्रिलात परत बंद, तेव्हा हमाली-तोलाईच्या लेव्हीवरून. भांडण व्यापारी आणि हमालांच्या माथाडी मंडळाचं, साठवणीच्या चाळीत सडला तुमचा कांदा.

दिल्लीचे नियम हा आणखी एक धडा. २०२० च्या २३ ऑक्टोबरला ठोक व्यापाऱ्याला साठ्याची मर्यादा घातली २५ टन. २५ टन म्हणजे २५० क्विंटल, तुमच्यासारख्या दहा ट्रॉल्या. सकाळी दहा ते साडेदहात संपणारी मर्यादा. हेतू काय, तर साठेबाज मोठा व्यापारी पकडायचा. झालं काय, तर त्यानं माल चार नावांवर आणि चार गावांत ठेवला आणि थांबला. एका खळ्यावर जगणारा छोटा माणूस पहिल्या दिवशी घरी बसला. २०१७ च्या सप्टेंबरात आयकराच्या धाडी पडल्या तेव्हाही हेच. प्रत्येक झटक्यानंतर आमचा घोळका दोन-चार माणसांनी बारीक व्हायचा आणि परत कधी पहिल्याइतका भरायचा नाही. रिंग मोडायला काढलेल्या फर्मानांनीच रिंग लहान केली आणि लहान रिंग जास्त घट्ट असते, हे माझं मत आहे. कुणाला पटो न पटो.

एक खासगी गोष्ट. २०१० च्या डिसेंबरात कांदा भडकला होता, तेव्हा मी महिनाभर स्वतःच्या खिशातल्या डायरीत वेगळी नोंद ठेवली. परवाने शंभरावर होते. नियमानं खरेदी करणारे पस्तीसच्या आत. त्यातल्या पहिल्या सहा जणांकडं निम्म्याहून जास्त माल. आणि त्या सहातले दोघं एकाच घरचे. वरच्यांना दाखवली. पानं चाळली आणि म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं, डायरी घरी ठेवा. अजून आहे ती, नातवानं मागच्या पानांवर चित्रं काढलीत.

वांध्याबद्दल, म्हणजे खळ्यावर माल खराब सांगून भाव पाडतात त्याबद्दल, शेवटचं. अर्धी ट्रॉली खाली होईपर्यंत वांधा न काढणं हाच त्यातला डाव. पहिले दोन घमेले उतरताच मुकादमानं तोंड उघडलं तर काम थांबवायचं आणि समितीचा माणूस येईपर्यंत हात लावू द्यायचा नाही. फेरलिलाव मागायचा. ओरडतील, ओरडू द्या.

व्यापाऱ्याचा_पोरगा

काकांनी बरंच खरं लिहिलंय, खळ्याचं तर शंभर टक्के. पण आमचीही बाजू कुणीतरी लिहिली पाहिजे.

दादा, तुम्हाला शेजारच्या ट्रॉल्यांना पाच-दहा रुपयांच्या फरकानं भाव मिळाले म्हणून तुम्ही रिंग म्हणताय. सकाळी नऊला दिल्लीच्या आझादपूर बाजाराचा भाव माझ्याही फोनवर असतो, समोरच्याच्याही आणि आता तुमच्याही. भाडं, तूट, बारदान वजा करून सगळ्यांचा आकडा जवळजवळ तोच येतो. पक्की स्पर्धा असली तरी भाव सारखेच निघतील. तुमचा चांगला माल हलक्याच्या भावात गेला हा मात्र अन्याय आहे. तो मी नाकारत नाही. अर्ध्या मिनिटात मालाची प्रत पाहता येत नाही. आम्ही सरासरी धरतो आणि सरासरीत चांगलं निवडणारा मरतो.

वांधा काढणारे आमच्यात आहेत. माझ्या वडिलांनी कधी केला नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, एवढंच लिहितो.

पण जोखीम कुणाची? १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क लागलं. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ७ डिसेंबरच्या रात्री बंदी, ८ पासून लागू. आमचे तीन कंटेनर न्हावाशेव्याच्या वाटेवर होते. दोन परत आणले, एक वाशीला मिळेल त्या भावात फुंकला. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क घेऊनच, १३ सप्टेंबरला शुल्क २० वर आलं, आणि शून्य व्हायला २०२५ चा एप्रिल उजाडला. दीड वर्षात नियम इतक्या वेळा बदलले, त्यात आम्ही दुबईचं एक गिऱ्हाईक गमावलं, तो आता पाकिस्तानचा माल घेतो. आमच्या गल्लीतल्या दोन फर्म बंद झाल्या. त्यांची गिऱ्हाइकं कुणाकडं गेली? ज्यांना दीड वर्ष बसून खाता येतं त्यांच्याकडं.

आणि रेल्वेचं बघा. २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारनं नाशिकहून दिल्लीला कांद्याचा पहिला रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, पाठवला, १,६०० टन. पेपरात फोटो. एका रेकला १६ हजार क्विंटल लागतात हो! माझ्यासारख्यानं महिनाभर घेतला तरी भरायचा नाही. म्हणून रेक लावणारी नावं थोडीच, आणि आम्ही बाकीचे त्यांच्यासाठी माल काढतो. काकांनी सांगितलेली खिशातली ऑर्डर ती हीच.

एक मोठा खेळाडू मात्र तुम्ही कुणीच धरला नाहीत. २०२३ च्या ऑगस्टात नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या संस्था २,४१० रुपयांनी उतरल्या, बफर म्हणजे सरकारी साठा तीनवरून पाच लाख टनांवर नेला. त्या दिवशी चांगलं वाटलं. पुढं भाव चढायला लागला की तोच कांदा शहरात स्वस्तात सोडतात. एवढा माल कुणाच्या हातात आहे आणि तो कधी सोडेल, हे ठाऊक नसताना चाळीत माल ठेवायची हिंमत छोटा व्यापारी कशी करील?

वकील_ठाण्याहून

कायद्याचं थोडक्यात. स्पर्धा कायदा २००२, कलम ३. एकाच पातळीवरच्या व्यापाऱ्यांनी भाव ठरवणं, माल वाटून घेणं, बोलीत संगनमत करणं हे सगळं त्यात येतं. दंड जबर आहे. कार्टेल असेल तर नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, जे जास्त असेल ते, आणि तेही जितकी वर्षं चाललं तितक्या वर्षांचं.

अडचण पुराव्याची. व्यापाऱ्याच्या पोरानं लिहिलेला बचाव स्पर्धा आयोगासमोर नेहमीचा आहे आणि तो पोकळ नाही. नुसते भाव सारखे असणं पुरत नाही. त्याच्या जोडीला आणखी काही लागतं, उदाहरणार्थ ठरावीक माणसं ठरावीक रांगेतच घेतात, किंवा तोच माल त्याच दिवशी दुसऱ्या समितीत सातत्यानं जास्त भावानं जातो. निरोप सापडला तर उत्तमच. २०१० च्या भडक्यानंतर आयोगानं कांद्यात लक्ष घातलं होतं. बंगळुरूच्या एका नामांकित संशोधन संस्थेकडून महाराष्ट्र-कर्नाटकच्या कांदा बाजारांचा अभ्यासही करून घेतला, २०१२ मध्ये. मोजक्यांच्या हाती मोठा वाटा आणि नव्या माणसाला आत शिरायला अडथळे, हे त्यातही आलं. वहीवाल्या काकांची डायरी तेव्हा कुणी मागितली असती तर!

वाटा मोजायची एक सोपी रीत सांगतो, हर्फिंडाल म्हणतात तिला. प्रत्येकाच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज. वीस जण प्रत्येकी ५ टक्के घेत असतील तर ५ × ५ × २० = ५००. पाच जण प्रत्येकी २० टक्के घेत असतील तर २० × २० × ५ = २,०००. आकडा जितका मोठा तितका बाजार मूठभरांचा. मात्र काका म्हणतात तसं एका ऑर्डरीचे चार परवाने एकच धरले पाहिजेत, नाहीतर आकडा फसवेल.

संगीता_कंपनीवाली

मी येवल्याकडची, आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, ३४० सभासद. आम्ही परवाना काढून घोळक्यात उभ्या राहिलो होतो. तो दिवस सांगते.

मी आणि आमचा एक संचालक. मी घोळक्यातली एकटीच बाई. पहिल्या ट्रॉलीला मी अकराशे म्हटलं तर लगेच अकराशे पन्नास. मी सत्तर, ते बाराशे. मला वाटलं, वा, आपण आलो तर भाव चढला. शेतकरी खूश, मी पण खूश. त्या दिवशी आम्हाला नऊ ट्रॉल्या पडल्या आणि नऊच्या नऊ बाजारापेक्षा ऐंशी-नव्वद रुपये महाग. मी शेवटचं बोलेपर्यंत त्यांनी चढवायचं आणि मग सोडून द्यायचं. इतर ट्रॉल्यांना मी गप्प राहिले की भाव तिथल्या तिथं. चौथ्या ट्रॉलीपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मग खळं. भाड्यानं घेतलेलं होतं, गावाबाहेर. हमाल ठरवले होते ते आलेच नाहीत. रात्री अकरापर्यंत सभासदांच्या पोरांनी ट्रॉल्या खाली केल्या. तिसऱ्या दिवशी आमचं भांडवल संपलं, कारण पुण्याच्या ज्या दुकानसाखळीला माल दिला तिची मुदत एकवीस दिवसांची. आठव्या दिवशी आम्ही घोळक्यातून बाहेर.

आता आम्ही वेगळं करतो. पणन खात्याचा थेट खरेदीचा परवाना आहे, सभासदांचा माल बांधावरच प्रत पाहून घेतो, तीन प्रती, तीन भाव. फार नाही, आठवड्याला एक-दोन गाड्या. पण निवडून आणलेल्याला निवडल्याचे पैसे मिळतात. चाळीतला_कांदा भाऊ, तुमची दोन दिवसांची निवड आमच्याकडं पाच रुपयांत गेली नसती. ही जाहिरात समजू नका, तुमचा तालुका आमच्याकडं येत नाही.

आणि व्यापाऱ्याच्या पोरा, जोखमीचं पटलं. पण हमाल का आले नाहीत ते तुझ्या वडिलांना विचार.

व्यापाऱ्याचा_पोरगा

विचारलं ताई. म्हणाले, "तू इंटरनेटवर काय काय लिहितोस?"

चाळीतला_कांदा

सगळ्यांचे आभार. काल परत गेलो होतो, या वेळी माल न घेता. चुलत्यांच्या ट्रॉलीवर चढून बसलो आणि दुपारपर्यंत नुसती टिपणं केली. एका रांगेत ११८ गाड्या, ट्रॅक्टर आणि पिकअप मिळून. घोळक्यात एकोणीस माणसं. शेवटची बोली ज्यांची, अशी नावं नऊ. त्यातल्या चौघांच्या ७६ गाड्या. मग संध्याकाळी खळ्यांवरून मोटरसायकलनं चक्कर मारली. त्या चौघांतल्या तिघांच्या ट्रॉल्या एकाच खळ्यात रिकाम्या होत होत्या. वहीवाले काका, तुम्ही म्हणालात तसंच. तिथल्या वॉचमननं विचारलं काय पाहिजे, मी म्हटलं बारदान मिळेल का.

एक दिवस म्हणजे पुरावा नव्हे, कळतंय. चांदवडहून तीन-चार समित्या जवळ आहेत, तिथले त्याच दिवसाचे भावही लिहायला लागलोय. चुलत्यांचा वांधाही निघाला. त्यांनी दुसऱ्या घमेल्यालाच काम थांबवलं. समितीचा माणूस यायला पाऊण तास लागला. दहा रुपये कमी झाले, साठ नाही.

काका, समितीकडं माहिती अधिकारात अर्ज केला तर महिनाभराची सौदावही देतील का?

निवृत्त_वहीवाला

देतील. तीस दिवसांची मुदत असते, एकोणतिसाव्या दिवशी पत्र निघतं. अर्जात नुसतं 'खरेदीची माहिती' लिहू नकोस, तारीखवार एकूण आवक आणि किमान-कमाल-सरासरी भाव असा तक्ता पाठवून देतील, तो रोज पेपरात येतोच. 'खरेदीदारनिहाय, दिनांकनिहाय, वाहन क्रमांकासह' असं लिही. वाहन क्रमांक महत्त्वाचा, कारण काट्यावरच्या पावतीत तोच असतो आणि गाडी कोणत्या खळ्यात गेली ते त्यावरून जुळवता येतं. आणि बाळा, वॉचमनला बारदान विचारलंस ते बरं केलंस, पण पुढच्या वेळी मोटरसायकल लांब लाव. नंबर त्यालाही वाचता येतो.